गावच्या रेडिओवर पाण्याबद्दल बोलता येतं, पण पाण्याची बातमी देता येत नाही. असं का?

समजा, तुमच्या गावात चार दिवस झाले टँकर आलेला नाही. कुणीतरी रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा व्हिडिओ काढला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात तो तालुकाभर फिरला. तालुक्यातल्या यूट्यूब चॅनेलवाल्याने त्याची बातमी केली. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या.

आता समजा, त्याच गावात एक छोटं रेडिओ केंद्र आहे. गावातलीच माणसं ते चालवतात, गावच्याच बोलीत बोलतात आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस वाड्या ते ऐकतात. टँकर का आला नाही याची चौकशी करून या केंद्राने संध्याकाळी बातमी दिली तर?

परवान्याच्या अटींप्रमाणे ते चालत नाही.

म्हणजे जी गोष्ट फॉरवर्ड करायला चालते, छापायला चालते आणि यूट्यूबवर टाकायला चालते, ती गावच्या रेडिओने स्वतःहून सांगायची नाही. कम्युनिटी रेडिओवर शेती, आरोग्य, शिक्षण, पाणी आणि सरकारी योजना अशा सगळ्यावर गप्पा होतात. स्थानिक प्रश्नांवर होतात, देशाच्या प्रश्नांवरही होतात. फक्त या गप्पांचं रूपांतर 'बातमी'त होऊ द्यायचं नाही, ही तारेवरची कसरत तिथली माणसं रोज करत असतात.

ही भानगड नेमकी काय आहे, ते सुरुवातीपासून समजून घेऊ.

कम्युनिटी रेडिओ म्हणजे नक्की काय?

भारतात रेडिओ तीन प्रकारचा आहे. पहिला सरकारी, म्हणजे आपली आकाशवाणी. दुसरा खासगी एफएम, ज्याच्यावर गाणी, आरजे आणि जाहिराती असतात. तिसरा कम्युनिटी रेडिओ. सरकारी कागदावर याला सामुदायिक रेडिओ म्हणतात.

या तिसऱ्या प्रकारच्या केंद्राचा परवाना नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेलाच मिळतो. शिक्षणसंस्था, विद्यापीठं, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि किमान तीन वर्षं जुन्या नोंदणीकृत सामाजिक संस्था यासाठी अर्ज करू शकतात. एकटी व्यक्ती, राजकीय पक्ष किंवा नफा कमावणारी कंपनी यांना परवाना मिळत नाही.

ट्रान्समीटरची ताकद साधारण १०० वॅट असते. आपल्या घरात पूर्वी जो पिवळा बल्ब लागायचा, तेवढीच. आकाशवाणीचे मोठे ट्रान्समीटर किलोवॅटमध्ये मोजतात, यावरून फरक लक्षात येईल. अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंचीची. त्यामुळे आवाज साधारण १० ते १५ किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला तर त्याहूनही कमी.

तुम्ही कधी पाहिलं असेल, ९०.४ हा आकडा वेगवेगळ्या गावांतल्या केंद्रांच्या नावापुढे दिसतो. त्याचं कारणही हेच आहे. सरकारने या प्रकारासाठी ९०.४, ९०.८, ९१.२, १०७.४, १०७.८ अशा मोजक्याच फ्रिक्वेन्सी ठेवल्यात. आवाज लांब जात नसल्यामुळे एकच फ्रिक्वेन्सी दोन गावांना दिली तरी टक्कर होत नाही.

आणखी एक महत्त्वाची अट आहे. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर, स्थानिक लोकांना सोबत घेऊन तयार झालेले असले पाहिजेत. भाषाही शक्यतो तिथलीच. म्हणजे बाहेरून तयार माल आणून दिवसभर वाजवायला हा परवाना नाही.

क्रिकेटच्या भांडणातून निघाला निकाल

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं भारतात रेडिओ म्हणजे आकाशवाणी एवढंच समीकरण होतं. १८८५ च्या तार कायद्याच्या आधारावर प्रक्षेपणाचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला होता. हे चित्र बदलायला कारण ठरली एक क्रिकेट स्पर्धा.

नोव्हेंबर १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट असोसिएशनने हिरो कप भरवला. या सामन्यांचं प्रक्षेपण कोण करणार यावरून असोसिएशन आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली. असोसिएशनने परदेशी कंपनीला हक्क दिले होते, तर दूरदर्शन आणि माहिती प्रसारण मंत्रालयाचा त्याला विरोध होता. प्रकरण कोलकाता हायकोर्टातून सर्वोच्च न्यायालयात गेलं.

९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, न्यायमूर्ती एस. मोहन आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी होते. मराठी वाचकांना सावंत यांचं नाव ओळखीचं असेल. पुढे ते प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले.

निकालाचा गाभा असा होता की हवेतल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारने त्यावर मक्तेदारी ठेवणं बरोबर नाही. आणि सरकारकडून काढून ती मूठभर खासगी कंपन्यांच्या हातात देणं, हाही त्यावरचा उपाय नाही. लोकांना माहिती मिळवण्याचा आणि आपलं मत मांडण्याचा हक्क आहे, त्यामुळे या लहरींचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा आणि त्यावर एका स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेचं नियंत्रण असावं, असं कोर्टाने सांगितलं.

वाद क्रिकेटच्या टीव्ही प्रक्षेपणाचा होता. पण गावाला स्वतःचा रेडिओ असावा असं म्हणणाऱ्यांच्या हातात या निकालाने मोठं बळ दिलं. हवा जर सगळ्यांची आहे, तर त्यातला थोडा वाटा गावालाही मिळाला पाहिजे, असा त्यांचा साधा सवाल होता.

निकाल १९९५ चा, रेडिओ गावात पोचला २००८ ला

निकाल लागला म्हणून लगेच परवाने मिळाले नाहीत. १९९६ मध्ये बंगळुरूत आणि २००० मध्ये आंध्र प्रदेशातल्या (आताचं तेलंगणा) पस्तापूरमध्ये कार्यकर्ते, पत्रकार आणि अभ्यासक जमले. दोन्ही ठिकाणी जाहीरनामे निघाले. नफ्यासाठी न चालणारा, लोकांच्या मालकीचा, लोकांनी चालवलेला रेडिओ हवा, ही त्यातली मुख्य मागणी.

याच काळात सरकारने खासगी एफएमसाठी लिलाव केले आणि २००१ मध्ये बंगळुरूत देशातलं पहिलं खासगी एफएम सुरू झालं. म्हणजे पैसे मोजणाऱ्यांसाठी दार आधी उघडलं.

कम्युनिटी रेडिओसाठी पहिलं पाऊल पडलं डिसेंबर २००२ मध्ये. पण तेव्हा परवानगी फक्त प्रस्थापित शिक्षणसंस्थांना होती. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात 'अण्णा एफएम' सुरू झालं. देशातलं हे पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र.

सामाजिक संस्थांना अर्ज करता येईल असं धोरण आलं नोव्हेंबर २००६ मध्ये. आणि सामाजिक संस्थेचं पहिलं केंद्र प्रत्यक्षात सुरू झालं ऑक्टोबर २००८ मध्ये. निकालापासून मोजलं तर तेरा वर्षांहून जास्त काळ गेला.

पस्तापूरच्या बायकांनी वाट पाहिली, पण हातावर हात ठेवून नाही

हे पहिलं केंद्र म्हणजे 'संघम रेडिओ'. जहीराबादजवळच्या माचनूर गावातलं. तेव्हाचा मेदक जिल्हा, आताचा संगारेड्डी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था या भागात दलित आणि लहान शेतकरी बायकांसोबत काम करते. गावोगावच्या या बायकांच्या गटांना तिथे 'संघम' म्हणतात, त्यावरून रेडिओचं नाव पडलं.

गंमत अशी की स्टुडिओ आणि साहित्य त्यांच्याकडे १९९८ पासूनच होतं, युनेस्कोच्या मदतीतून आलेलं. फक्त हवेत जायचा परवाना नव्हता. मग या बायकांनी काय केलं? कार्यक्रम रेकॉर्ड करायच्या, कॅसेट गावोगावच्या संघमच्या बैठकीत न्यायच्या आणि टेपवर लावून ऐकायच्या. ऐकून झालं की त्यावर चर्चा. असं दहा वर्षं चाललं.

विषय कुठले? ज्वारी-बाजरीसारखी कोरडवाहू पिकं, घरात राखलेलं बियाणं, गुरांची औषधं, बाळंतपण, सण आणि गाणी. मेदकच्या गावठी तेलुगूत. ज्या बोलीला शहरातली माणसं अडाणी म्हणायची, ती बोली माइकवर आली, हा इथल्या बायकांसाठी साधा बदल नव्हता.

तोवर त्यांना शेतीबद्दल सांगायला साहेब यायचे आणि त्या ऐकायच्या. इथे मात्र कुठलं बियाणं कमी पाण्यात तग धरतं, हे बाईच बाईला सांगत होती.

महाराष्ट्रात कुठे कुठे आहे?

आपल्याकडेही अशी बरीच केंद्रं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून ९०.४ वर आहे. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी पट्टा. इथे पाऊस, चारा, शेळ्या आणि बायकांचे छोटे धंदे हे गप्पांचे विषय असणारच. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळला 'येरळावाणी' आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातून 'शारदा कृषी वाहिनी' चालते. अहिल्यानगरला 'रेडिओ नगर' आहे.

शहरातली केंद्रं बहुतेक शिक्षणसंस्थांची आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर, मुंबई विद्यापीठाचा 'मस्ट रेडिओ' १०७.८ वर, पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटचा 'रेडिओ एफटीआयआय' ९०.४ वर.

नाशिकच्या 'रेडिओ विश्वास'चं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. कोरोनात शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेलं. पण ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही बापासोबत कामावर जाणारा, त्या घरातल्या पोरांनी काय करायचं? रेडिओ विश्वासने तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी 'शिक्षण सर्वांसाठी' सुरू केलं. शिक्षकांनी धडे आवाजात रेकॉर्ड केले आणि ते ठरलेल्या वेळेला रेडिओवर लागू लागले. या कार्यक्रमाला पुढे राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कार मिळाला.

ऑनलाइन शिक्षण हा तेव्हा देशभरातल्या टीव्ही चर्चांचा विषय होता. नाशिकमध्ये त्याच विषयावर एका स्थानिक केंद्राने उपाय शोधला.

इथल्या गप्पा टीव्हीच्या चर्चेपेक्षा वेगळ्या कशा?

टीव्हीवरच्या चर्चेत सहा चौकटी असतात आणि सहाही जण एकाच वेळी बोलतात. कम्युनिटी रेडिओवर साधारण तीन पद्धती दिसतात.

पहिली, फोन-इन. स्टुडिओत कृषी अधिकारी, डॉक्टर किंवा वकील बसतात आणि ऐकणारे फोन करून प्रश्न विचारतात. दुसरी, गावात जाऊन रेकॉर्डिंग. पारावर, शेतावर किंवा बचत गटाच्या बैठकीत माइक फिरतो. तिसरी, गटाने ऐकणं. कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि ते बोलणं रेकॉर्ड करून पुढच्या कार्यक्रमात घ्यायचं.

यात मोठा फरक हा की बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतात. आज जी बाई डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलली, ती उद्या आठवडी बाजारात भेटणार आहे. चुकीचं सांगितलं तर लोक तोंडावर विचारतात. व्हॉट्सॲपवरचा मेसेज कुठून आला हे कुणालाच माहीत नसतं, पण इथे आवाजामागचा माणूस सगळ्यांना माहीत असतो.

रामेश्वरमजवळच्या पांबनला 'कडल ओसै' नावाचं केंद्र २०१६ पासून आहे, खास मच्छीमारांसाठी. वारा किती आहे, समुद्र खवळलेला आहे का, बोट बाहेर काढायची की नाही, हे तिथे ऐकायला मिळतं. हवामान बदल हा जगभरातल्या परिषदांमध्ये गाजणारा शब्द आहे. पांबनच्या कोळ्यासाठी तो आज जाळं टाकायचं की घरी बसायचं एवढ्या पातळीवर येतो.

मग बोलायचं काय आणि टाळायचं काय?

आता मूळ मुद्दा. २००६ च्या धोरणात स्पष्ट अट होती की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम चालणार नाहीत. पुढे यात थोडी सूट आली.

काय चालतं?

– आकाशवाणीची बातमी, जशीच्या तशी किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून. अनुवाद बरोबर आहे याची जबाबदारी केंद्राची.
– हवामान आणि वाहतुकीची माहिती.
– सण, जत्रा आणि सांस्कृतिक कार्यक्रमांची माहिती.
– परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर आणि नोकरीच्या संधी.
– वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याबद्दलच्या सूचना, पण स्थानिक प्रशासनाने दिलेल्या.
– खेळांची माहिती आणि स्थानिक सामन्यांचं धावतं समालोचन.

काय चालत नाही?

– केंद्राने स्वतः गोळा केलेली बातमी.
– चालू घडामोडींवरची चर्चा.
– राजकीय प्रचार.

यातल्या पाणीपुरवठ्याच्या ओळीकडे नीट बघा. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' हे प्रशासनाने कळवलं तर रेडिओ सांगू शकतो. पण 'चार दिवस पाणी आलेलं नाही' हे गावाने कळवलं तर ती बातमी होते. माहिती वरून खाली आली तर सूचना, आणि खालून वर जायला निघाली तर बातमी.

प्रत्यक्षात ही रेघ किती पुसट आहे ते एका उदाहरणातून कळेल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. समजा, नाशिक-नगर पट्ट्यातल्या एखाद्या केंद्राला त्यावर कार्यक्रम करायचा आहे. आकाशवाणीची बातमी वाचून दाखवता येईल. चाळीत कांदा जास्त दिवस कसा टिकवायचा यावर तज्ज्ञांशी बोलता येईल. कांद्यापासून पावडर कशी बनवतात हेही सांगता येईल.

पण फोन-इन सुरू असताना एखाद्या शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, बंदी घालून कुणाचा फायदा झाला?" तर? हा शेतीचा प्रश्न म्हणायचा की चालू घडामोडींचा? फोन तोडायचा की बोलू द्यायचं? अशा वेळी केंद्र चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण परवाना पणाला लागलेला असतो. त्यामुळे सावधगिरी म्हणून विषयच टाळला जाण्याची शक्यता जास्त.

सरकारचं म्हणणं काय आहे?

२०१३ मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. टीव्ही आणि पेपरला बातमी देता येते, मग खासगी आणि कम्युनिटी रेडिओला का नाही, असा त्यात सवाल होता. १९९५ च्या निकालाचा आधार होताच.

सरकारची बाजू मुख्यतः सुरक्षेची आहे. रेडिओ दूरवरच्या, संवेदनशील भागातल्या लोकांपर्यंत पोचतो. देशविरोधी घटक त्याचा गैरवापर करू शकतात आणि इतक्या केंद्रांवर काय चाललंय यावर नजर ठेवण्याची पुरेशी यंत्रणा नाही, असं सरकारचं म्हणणं राहिलंय.

ही भीती अगदीच हवेतली म्हणता येणार नाही. १९९४ मध्ये रवांडात एका खासगी रेडिओने वंशद्वेष पेटवला आणि हत्याकांडाला हातभार लावला, हे जगाने पाहिलंय. माइकची ताकद दोन्ही बाजूंनी चालते.

पण दुसरी बाजूही बघू. कम्युनिटी रेडिओचा परवाना ज्या संस्थेच्या नावावर असतो, तिचा पत्ता सरकारकडे असतो. परवाना देण्याआधी तिची छाननी झालेली असते. प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. आवाज १०-१५ किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. काही चुकलं तर कोणाला विचारायचं हे पक्कं ठाऊक असतं. दुसरीकडे, ज्या मोबाईलवर तुम्ही हे वाचताय, त्यावर कुणीही, कुठूनही, काहीही पाठवू शकतं.

म्हणजे ज्या माध्यमात जबाबदारी ठरवणं सगळ्यात सोपं, त्याच माध्यमावर बंधनं सगळ्यात कडक. टीकाकार नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवतात.

शेजारच्या नेपाळमध्ये काय झालं?

नेपाळमध्ये १९९७ मध्ये 'रेडिओ सगरमाथा' सुरू झाला. दक्षिण आशियातलं हे पहिलं स्वतंत्र कम्युनिटी रेडिओ केंद्र. नंतर तिथे डोंगराळ जिल्ह्यांत अशी अनेक केंद्रं उभी राहिली आणि त्यांच्यावर स्थानिक बातम्याही लागू लागल्या. ज्या गावात पेपर पोचत नाही, तिथे रेडिओच पेपर झाला.

१ फेब्रुवारी २००५ ला राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली आणि एफएम केंद्रांना बातम्या देण्यावर बंदी आली. बंदी रेडिओवरच्या बातम्यांवर होती ना? मग पत्रकारांनी रस्त्यावर उभं राहून लोकांना बातम्या वाचून दाखवल्या. काही ठिकाणी तर बातम्या गाऊन दाखवल्या, कारण गाण्यावर बंदी नव्हती. पुढे न्यायालयाचे अंतरिम आदेश रेडिओच्या बाजूने आले. २००६ च्या जनआंदोलनानंतर राजाची सत्ता गेली.

नेपाळच्या अनुभवातून एवढं दिसतं की गावच्या रेडिओवर बातमी असू शकते. आणि ती एकदा सवयीची झाली की लोक तिच्यासाठी भांडतातही.

आपल्याकडे लोकांनी पळवाट शोधली नाही का?

शोधली. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. यात रेडिओ लहरी नाहीतच, साधा फोन आहे. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. उलटा फोन येतो. एक दाबून आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, दोन दाबून दुसऱ्यांचं ऐकायचं. आलेल्या संदेशांची तपासणी करून ते पुढे सोडले जातात.

हातपंप बंद आहे, रेशन मिळालं नाही, मास्तर शाळेत येत नाही, मजुरी थकली आहे. अशा तक्रारी लोकांनी आपल्या भाषेत सांगितल्या, गोंडीतसुद्धा. शहरातल्या लोकांनी त्या ऐकून संबंधित अधिकाऱ्यांना फोन केले आणि बरेचदा कामं झाली.

विचार करा, हे तेच बोलणं आहे जे गावच्या रेडिओवर बातमी ठरलं असतं. फोनच्या तारेतून गेलं म्हणून चाललं.

पैशाचा प्रश्न

बंधन फक्त नियमांचं नाही, पैशाचंही आहे. वीज बिल, दुरुस्ती आणि दोन-चार माणसांचं मानधन हे कुठून आणायचं?

जाहिराती घेता येतात, पण त्याला मर्यादा आहे. सुरुवातीला तासाला ५ मिनिटं होती, पुढे ७ झाली आणि २०२४ मध्ये १२ मिनिटं. सरकारी जाहिरातीचा दरही त्याच वर्षी १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला.

हिशोब मांडू. १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे १० सेकंदांचे ७२ तुकडे. प्रत्येकी ७४ रुपये धरले तर तासाला ५,३२८ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण ही कमाल मर्यादा आहे, सगळे तुकडे भरले तरची. ज्या बाजारपेठेत किराणा दुकान, खताचं दुकान आणि मंगल कार्यालय एवढेच जाहिरातदार, तिथे ते रोज भरणं अवघड.

आणि मोठा जाहिरातदार सरकारच असेल, तर सरकारी कारभारावर मोकळेपणाने बोलणं आणखी जड जातं. इथे कुणी दबाव टाकायची गरज पडत नाही, माणूस आपोआप सांभाळून बोलायला लागतो.

याच २०२४ च्या बदलांमध्ये काही चांगल्या गोष्टीही आल्या. परवान्याची सुरुवातीची मुदत ५ वरून १० वर्षं झाली. अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून ६ केंद्रं काढता येतात. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत किमान निम्म्या महिला असणं गरजेचं झालं. आज देशात अशी सुमारे ५०० केंद्रं आहेत. सहा लाखांहून जास्त गावांच्या देशात हा आकडा किती, ते तुम्हीच ठरवा.

ऐकायचं कसं?

तुमच्या भागात असं केंद्र असेल तर साध्या रेडिओवर, गाडीतल्या एफएमवर किंवा मोबाईलच्या एफएमवर ते लागतं. मोबाईलला वायरचे इअरफोन जोडावे लागतात, कारण ती वायरच अँटेना म्हणून काम करते. अलीकडच्या अनेक फोनमध्ये एफएम सुरूच नसतं. ते सुरू ठेवावं अशी सूचना केंद्राने २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना केली होती, कारण वादळात आणि पुरात इंटरनेट आधी जातं आणि रेडिओ शेवटपर्यंत टिकतो.

ऐकण्याबरोबर बोलायलाही जा. धोरणानुसार निम्मे कार्यक्रम स्थानिक असायला हवेत, म्हणजे त्यांना स्थानिक आवाज लागणारच. तुमच्या आजीला येणाऱ्या ओव्या, तुमच्या शेतातला प्रयोग, तुमच्या गल्लीतल्या पोरींचे शाळेला जातानाचे हाल, हे सांगायला कुठल्याही डिग्रीची गरज नाही.

आणि सुरुवातीचा तो टँकर? आजच्या नियमांत गावचा रेडिओ पाणी जपून कसं वापरायचं ते सांगू शकतो. जलजन्य आजारांपासून कसं वाचायचं ते सांगू शकतो. टँकर मागणीचा अर्ज कुठे आणि कसा करायचा, हेही सांगू शकतो. फक्त टँकर आला नाही, एवढंच सांगू शकत नाही.

ध्वनिलहरी लोकांच्या आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून तीस वर्षं उलटून गेली. त्या लहरींवर लोकांना आपल्याच गावचं पाणी कुठे अडलं हे कधी सांगता येईल, याचं उत्तर अजून यायचं आहे.